श्रीरामपूरचे व्याख्यान आणि कलकत्त्याची रुग्णालये

कलकत्ता आणि महाराष्ट्र यांच्या ऋणानुबंधाविषयी लिहू लागले की आपल्या स्मरणिकांतील लेखणी बहुधा भास्कर पंडिताच्या स्वाऱ्यांपासून निघते आणि सखाराम गणेश देऊस्करांपाशी येऊन विसावते. सुवर्ण महोत्सवाच्या या अंकात आम्ही त्या राजमार्गावरून थोडे बाजूला वळणार आहोत.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजात एका मराठी स्त्रीने इंग्रजीतून व्याख्यान दिले. हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे, आपल्या हुगळीकाठचे. वक्त्या होत्या आनंदीबाई जोशी. वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नव्हती. पती गोपाळराव डाकखात्यात नोकरीस होते व बदलीच्या फेऱ्यात हे दांपत्य बंगालात येऊन पडले होते. (सरकारी नोकरीतील बदली म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांस कोणी समजावून सांगावयास नको.) मी अमेरिकेस का जाते, येथे शिक्षणाची सोय नाही काय, एकटी का जाते, परत आल्यावर वाळीत पडणार नाही काय, असे लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून घेतले आणि त्यांची उत्तरे दिली.

या व्याख्यानातील धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्यातील एका मुद्द्याकडे मात्र जावे तितके लक्ष गेलेले नाही. आपल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांसमोर जाण्यास धजत नाहीत, हे आनंदीबाईंनी सांगितलेच. पण तेथेच त्या थांबल्या नाहीत. युरोप-अमेरिकेतून आलेल्या डॉक्टरणी या देशात आहेत, परंतु त्यांची भाषा निराळी, रीतिरिवाज निराळे, म्हणून आमच्या स्त्रियांस त्यांचा व्हावा तसा उपयोग होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. औषध तेच, विद्या तीच, तरीही रोगी दाराशी येत नाही. तेव्हा दोष केवळ रोग्याच्या अडाणीपणाचा मानावा काय? हा प्रश्न त्या काळी एका तरुण मुलीने उघडपणे विचारला, हे आम्हांस विशेष वाटते. तो प्रश्न तिला पुस्तकातून सुचलेला नव्हता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले होते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याच्याच बंदरातून त्यांची बोट सुटली. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवी घेऊन निघाल्या. प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-कक्ष त्यांच्या स्वाधीन व्हावयाचा होता. तो योग आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला.

इकडे कलकत्त्यात काय चालले होते? मेडिकल कॉलेज १८३५ चे; त्याचे मोठे रुग्णालय मोतीलाल सील यांनी दिलेल्या जागेवर उभे राहून १८५२ मध्ये खुले झाले. परंतु कुलीन घरातील स्त्री तेथे पाऊल टाकीत नसे. कॉलेजचे दार विद्यार्थिनींस उघडले ते आनंदीबाई निघून गेल्या त्याच वर्षी, आणि कादंबिनी गांगुली आत आल्या. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी उभा राहिला, आणि पुढे कादंबिनीबाई येथील डफरीन रुग्णालयात रुजू झाल्या. या निधीच्या रुग्णालयांची रचनाच वेगळ्या विचाराने झाली. पडद्यातील स्त्रीस कोणाच्या दृष्टीस न पडता आत जाता यावे असा मार्ग, स्त्रियांच्याच हाती कारभार, बऱ्याच ठिकाणी निरनिराळ्या जातींसाठी निराळ्या चुली. इमारत बांधण्यापूर्वी आत कोण येणार याचा विचार करावा लागतो, हे सरकारच्या ध्यानात येऊ लागले होते.

तरीही हा धडा सर्वत्र गिरविला गेला नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घरोघरी शिरले, माणसे इस्पितळात ओढून नेली गेली. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री रँडसाहेबाच्या वधात झाला. टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले ते याच दिवसांत. कारण लोकांना भय रोगाइतकेच इस्पितळाचेही होते. पुढील वर्षी, एप्रिल १८९८ मध्ये, प्लेग कलकत्त्यास आला. शहर रिकामे होऊ लागले, दंगे झाले. परंतु मुंबई-पुण्याचा अनुभव बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांपुढे, सर जॉन वुडबर्न यांच्यापुढे, होता. रोग्यास घरीच वेगळे ठेवण्यास आणि कुटुंबाने वा समाजाने स्वतःचे रुग्णालय काढण्यास त्यांनी मुभा दिली. वादळ पुष्कळसे निवळले. विवेकानंदांनी बंगाली व हिंदी पत्रके काढून लोकांस धीर दिला. दुसऱ्या वर्षी भगिनी निवेदिता स्वतः झाडू घेऊन बागबाजारच्या गल्ल्यांत उतरल्या.

येथे आमचे मन थोडे अडते. जातवार चूल हा रोग्याचा मान खरा; पण कोणत्या रोग्याचा? ज्याला चूलच नाकारलेली, त्याच्या आचाराचा विचार कोणी केला? त्याच १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलास पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचल्या आणि त्याच रोगाने १० मार्चला गेल्या. त्यांच्या त्या दवाखान्याला निराळ्या चुलींची गरज पडली नसावी. रीतिभातींचा आदर आणि माणसामाणसांतील भिंत या दोहोंमध्ये अंतर फार थोडे असते, आणि रुग्णालयाचा आराखडा काढणाऱ्यास ते रोज मोजावे लागते.

त्या मापाचे एक उत्तर आपल्याच शहरात, कालीघाटी, सापडते. १९५२ मध्ये महापालिकेने मदर तेरेसांना देवळालगतची यात्रेकरूंची धर्मशाळा दिली आणि तेथे निर्मल हृदय सुरू झाले. खाटा शेजारी शेजारी. पण अखेरच्या क्षणी हिंदूच्या मुखी गंगाजल, मुसलमानाच्या कानी कुराण, ख्रिस्ती माणसास त्याचा संस्कार. भिंत एकही नाही.

आमच्या मावशींना काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेसाठी येथील एका रुग्णालयात ठेवले होते. मावशी सातारच्या, बंगाली येत नाही, हिंदी जेमतेम. पोटात कालवते, कळ येते, उबळ येते, या तिन्हींचे डॉक्टरांनी एकच केले: दर्द. फलकांवर बंगाली, इंग्रजी, हिंदी. आम्हांस आत बसावयास जागा नाही, म्हणून आम्ही जिन्यात. शस्त्रक्रियेच्या सकाळी मंगळसूत्र उतरविण्यास सांगितले, तेव्हा मावशींनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरले. कोणी नियम सांगितला, कोणी आवाज चढविला. मग एक प्रौढ परिचारिका जवळ आली. “माशिमा,” म्हणाली, आणि आपल्या मनगटावरील शंखाची बांगडी पुढे केली. मग ती उतरविल्याची नुसती खूण करून पुन्हा सावरली. मावशींनी तिच्याकडे पाहिले. मंगळसूत्र गॉजच्या तुकड्यात बांधून त्या बाईने काकांच्या मुठीत दिले आणि आपल्या पर्समधला कालीघाटचा लाल दोरा मावशींच्या मनगटास गुंडाळला.

मावशी बऱ्या होऊन साताऱ्यास गेल्या. तो दोरा पुढे किती दिवस हातात होता, हे काका अजून हसून सांगतात.