बिऱ्हाड पाठीवर, सूर गळ्यात

मुंबईहून बडोदे-अमदाबादकडे जाणारा मोठा रस्ता आमच्या कासा गावाजवळच्या चारोटी नाक्यावरून जातो. या रस्त्याने अलीकडे एक नवी जमात जाता-येताना दिसते. चार-पाच तरुण पोरे, पाठीला गिटारीच्या लांबट पेट्या, गाडीच्या मागच्या भागात कोंबलेले ढोल आणि ध्वनिक्षेपक. गाणी स्वतः रचायची, चाली स्वतः बांधायच्या, कुणा मोठ्या कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचे नाही आणि गावोगाव हिंडून आपला सूर लोकांच्या कानी घालायचा, असा यांचा बाणा. घरची वडील मंडळी कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, "हे कुठले नवे खूळ!"

वाचकहो, खूळ असेल. परंतु नवे मात्र नाही. गिटारीच्या जागी ऑर्गन आणि सारंगी ठेवा, मोटारीच्या जागी रेल्वेचा डबा आणि बैलगाड्या ठेवा, की शंभर वर्षांपूर्वीची मराठी नाटक मंडळी डोळ्यांपुढे उभी राहते. त्या मंडळ्यांचे मालक म्हणजे पिकल्या मिशांचे शेठ होते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यांतल्या काही नामांकित मंडळ्या ज्यांनी काढल्या, त्यांना आज मतदानाचा हक्कसुद्धा मिळाला नसता!

हिंडण्याची ही रीत पडली ती हौसेने नव्हे, गरजेने. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली. राजा रसिक होता तोवर पोटाची चिंता नव्हती. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, आश्रय आटला आणि भाव्यांना आपला खेळ पाठीवर घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ साली मुंबईला ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाच्या जागी तिकीट काढणारा रयतेचा माणूस आला. आणि राजा एका गावी राहतो, रयत मात्र गावोगाव पसरलेली असते. तेव्हा नटाच्या पायाला जी भिंगरी लागली, ती पुढे ऐंशी वर्षे सुटली नाही.

१८८० च्या दिवाळीच्या दिवसांत, ३१ ऑक्टोबरला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले आणि संगीत नाटकाला बहर आला. १८८५ साली अण्णासाहेब गेले. पण त्यांची किर्लोस्कर मंडळी मात्र एखाद्या जुन्या वाड्यासारखी नांदती राहिली. अशा वाड्यात अन्नाला तोटा नसतो, नावाला वजन असते. आणि तरीही घरातल्या तरुण पोराला एके दिवशी वाटतेच, की आपली वेगळी चूल मांडावी. मराठी संगीत रंगभूमीचा पुढचा इतिहास हा पुष्कळसा अशा वेगळ्या चुलींचाच इतिहास आहे.

पहिली चूल केशवराव भोसल्यांची. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९० चा. घरची गरिबी, म्हणून अगदी लहान वयातच ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले. देवलांच्या 'शारदे'तली शारदा या पोराने अशी काही गायिली, की मंडळीचे नाव त्याच्या गळ्यावर चालू लागले. गळा याचा, नाव मंडळीचे आणि हुकूम मालकाचा, हे कोवळ्या वयात निमूट सोसले जाते. मिसरूड फुटू लागली की सोसत नाही. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला केशवरावांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. वय वर्षे सतरा. आजच्या हिशेबाने बारावीच्या वर्गात बसणारा मुलगा!

दुसरी चूल १९१३ ची. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. बालगंधर्व पंचविशीत, बाकीचे दोघे तिशीच्या जरा पुढे. एकाकडे गळा, दुसऱ्याकडे चाली, तिसऱ्याकडे गद्य अभिनय आणि शिस्त. तीन पायांचे तिवईसारखे आसन होते. डगमगायला नको होते. पण अवघ्या काही वर्षांत टेंबे निघाले, मागोमाग बोडसही निघाले, आणि सारा भार एका बालगंधर्वांवर आला.

तिसरी चूल १९१८ ची. पुन्हा किर्लोस्कर मंडळीतूनच दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हे बाहेर पडले आणि 'बलवंत संगीत मंडळी' निघाली. दीनानाथ सतरा वर्षांचे, चिंतामणराव सत्ताविशीतले. राम गणेश गडकऱ्यांसारख्या नाटककाराने 'भावबंधन' या पोरांच्या हाती दिले. सावनेरला मृत्युशय्येवर पडल्या पडल्या त्यांनी ते नाटक पुरे करत आणले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी डोळे मिटले. पोरसवदा मंडळींवर कुणी मोठ्याने टाकलेला विश्वास म्हणतात तो हा!

आता या मंडळ्यांचा संसार कसा चाले ते पाहू. कंपनी गावात येणे म्हणजे एक लहानसे गावच येणे. पडदे, पोशाखांच्या पेट्या, भांडीकुंडी, वाद्ये. नट, साथीदार, पडदे ओढणारे, रंगवणारे, आचारी, वाढपी, शिवाय कुणाची म्हातारी आई आणि कुणाची तान्ही पोरे. रेल्वेने स्टेशनापर्यंत यायचे आणि तिथून बैलगाड्यांनी बिऱ्हाडापर्यंत. 'बिऱ्हाड' हा शब्दच या लोकांनी आपलासा केलेला. एकच मोठे घर भाड्याने घ्यायचे, एकाच चुलीवर स्वयंपाक आणि एकाच ओळीत पंगत. सकाळी गळ्याची मेहनत, दुपारी तालीम आणि रात्री खेळ. खेळही आजच्यासारखा दोन-अडीच तासांत आवरणारा नव्हे. पदाला 'वन्समोर' पडत जात आणि रात्र सरत येई.

परंतु या संसाराचा हिशेब मोठा निर्दय होता. आठवड्यातून खेळ होत तीन किंवा चार; पंगत मात्र दोन्ही वेळ, सातही दिवस बसे. पावसाळ्यात कच्ची नाटकगृहे गळत, गाड्या चिखलात रुतत, प्रेक्षक शेतावर असे. आणि पोटे तेवढीच असत. गावात पटकी किंवा प्लेग आला की खेळ बंद. मुख्य नटाचा घसा बसला की खेळ बंद. मग सावकार. एका गावचे देणे दुसऱ्या गावच्या उत्पन्नातून भागवायचे आणि दुसऱ्या गावात नव्या पडद्यांसाठी पुन्हा उसने घ्यायचे. घर सोडून स्वतंत्र झालेला तरुण कुणाचा ताबेदार नव्हता हे खरे. पण सावकाराची वही सगळ्यांत मोठा मालक आहे हे त्याला लवकरच कळे.

आणि या संसारात सुतकाचीही रजा नसे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईला किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमान'चा पहिला खेळ होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. खेळ बंद ठेवण्याची गोष्ट निघाली. पण त्यांनी तोंडाला रंग लावला आणि भामिनी उभी केली. ही गोष्ट आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. कौतुक करण्याजोगी ती आहेच. पण घरी बसलेल्या त्या माउलीच्या बाजूने ती कुणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रस्त्यावरच्या संसाराचा अर्धा हिशेब असा बिनबोलता राहून गेला.

अशा या चढाओढीच्या दिवसांतली एक रात्र मात्र सोन्याची. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. ललितकलादर्शचे केशवराव धैर्यधर आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी. एरवी एकमेकांचे प्रेक्षक पळवणारे दोन मालक एका रंगमंचावर उभे राहिले. मराठी माणसाला भांडणाची हौस फार. पण त्या रात्री त्याने जुगलबंदी पाहिली. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. वय एकतीस. सतराव्या वर्षी मालक, एकतिसाव्या वर्षी इतिहास!

इथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडली. केशवराव गेले, पण ललितकलादर्श गेली नाही. बापूराव पेंढारकर पुढे आले, त्यांनी ती १९३७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, चालवली. आणि १९४२ साली त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली. केशवरावांनी स्वतःच्या गळ्याबरोबरच नाटककार जोडले, मामा वरेरकरांसारख्या नव्या लेखकाकडून 'हाच मुलाचा बाप' घेतले, नवे नट हाताशी धरले. उलट बालगंधर्वांना ७९ वर्षांचे आयुष्य लाभले. ते १५ जुलै १९६७ रोजी गेले. पण त्यांची मंडळी त्यांच्या कितीतरी आधी मिटली होती. अस्सल अत्तर, भारी शालू, साथीला थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी. सारे काही राजेशाही, फक्त जमाखर्चाचे कीर्द-खतावणीचे पान तेवढे राजाला न शोभणारे. एकाच्या गळ्यावर उभी राहिलेली मंडळी त्या गळ्याइतकीच टिकते. जी मंडळी दुसऱ्याला पुढे येऊ देते, ती धन्यावाचूनही चालते.

शेवटचा घाव बाहेरून आला. १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात हरिश्चंद्र कोण? तर गंधर्व मंडळी काढणाऱ्या तिघांपैकी एक, गोविंदराव टेंबे! आता पडद्यांचे गठ्ठे आणि साठ माणसांची पंगत हवी कशाला? फिल्मची चार डबडी रेल्वेत टाकली की खेळ गावोगाव. बलवंत मंडळीनेही सांगलीस चित्रपट काढून पाहिला. बालगंधर्वही १९३५ साली 'धर्मात्मा'त उभे राहिले. दैव साधले नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, दीनानाथ गेले. आणि घराचा भार बारा वर्षांच्या लतेवर पडला. त्या मुलीने पुढे काय केले ते या देशातल्या कुठल्याही घराला सांगावे लागत नाही. पण तो गळा घडला तो एका हिंडत्या नटाच्या घरी, हे विसरू नये.

हा वेडेपणा आपल्याकडेच होता असेही नाही. १९६० च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलची पाच पोरे जर्मनीत हांबुर्गला गाण्यासाठी गेली. एका चित्रपटगृहाच्या मागच्या अंधाऱ्या खोल्यांत राहायचे आणि रात्र रात्र गायचे. त्यांतला जॉर्ज हॅरिसन सतरा वर्षांचा. वय कमी म्हणून पोलिसांनी त्याला नोव्हेंबरात परत धाडला. त्या बीटल्स मंडळींचे पुढे जगभर नाव झाले. हुबळीचा सतरा वर्षांचा मालक आणि हांबुर्गचा सतरा वर्षांचा वादक यांची ओळख कधी झाली नाही. पण झाली असती तर खाणावळीच्या बिलावर तरी त्यांचे एकमत झाले असते.

आता आमच्या मुलखाविषयी दोन शब्द. १८६४ साली मुंबई-अमदाबाद लोहमार्ग सुरू झाला. बडोद्याच्या सयाजीरावांच्या दरबारी मराठी नाटकाला मान होता. तेव्हा मुंबईहून बडोद्याला जाणाऱ्या मंडळ्यांची आगगाडी आमच्या डहाणू रोडवरूनच जाई. पण स्टेशनापासून आत, कासा-तलासरीच्या रानात, ती रंगभूमी शिरलीच नाही. तिकिटाला पैसा लागतो. आणि इथल्या वारल्याच्या हाती सावकार-जमीनदारांनी पैसा राहू दिला नव्हता. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने तो वेठबिगारीविरुद्ध उभा राहिला, तेव्हा कुठे त्याची मान वर झाली.

परंतु रान मुके नव्हते. भात पिकू लागले की इथे तारपा वाजतो. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांचे ते वाद्य. मधे वादक, भोवती हातात हात गुंफलेली माणसे. वाघबारसेला वाघोबाची पूजा होते आणि दिवाळीपर्यंत पाडे जागत राहतात. या वादकाला मालक नाही, तिकीट नाही, पडदा नाही. कासाजवळच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते, तेव्हा दूरदूरचे पाडे तिथे लोटतात. एरवी वादकाचा मुलूख म्हणजे पायी चालून होईल तेवढा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हाच तारप्याचा फेर चित्रांतून जगापुढे नेला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तारपा पथकेही गाडीत बसून शहरांतल्या समारंभांना जातात. म्हणजे तेही आता 'रस्त्यावर' आले. मग त्यांनाही तोच जुना प्रश्न विचारला पाहिजे, जो हुबळीच्या पोराला आणि बलवंतच्या पोरांना पडला होता: बिदागी ठरवतो कोण, आणि ती शेवटी पडते कुणाच्या हाती?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माणसे हळहळली, कित्येक रडलीही. वास्तू पुन्हा उभी करता येते. पण सतरा वर्षांच्या पोराने "मी माझी मंडळी काढतो" असे म्हटल्यावर त्याला वेडा न म्हणता निदान वाटखर्चीचे चार पैसे आणि हिशेबाची एक वही देणारी माणसे ही खरी वास्तू. या दिवाळीत तुमच्या घरातले एखादे पोर गिटार घेऊन निघाले असेल, तर त्याला फराळाचा डबा बांधून द्या. आणि डब्याखाली ती वही ठेवायला विसरू नका.