बोंडअळीचे नाव-गाव

“कपाशीला बोंडअळी लागली” असं आपण सहज म्हणून जातो. पण कोणती बोंडअळी? हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नव्हे. त्याचं उत्तर चुकलं, तर हंगाम हातचा जातो.

या ओळखीचा इतिहास जुना आहे. १८४२ साली भडोचकडच्या कपाशीवर एक अळी आढळली. भडोच तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. तिथले नमुने विलायतेला गेले आणि १८४३ साली साँडर्स यांनी त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं. हीच आपली गुलाबी बोंडअळी. पुढे १९०६ साली मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा हिंदुस्थानातील किडींवरचा ग्रंथ निघाला. दुसऱ्याच वर्षी इथं पुण्यात शेतकी कॉलेज सुरू झालं. कीड ओळखण्याची विद्या अशी हळूहळू आपल्या दाराशी आली.

या विद्येनं काय दाखवलं? ठिपक्यांची बोंडअळी म्हणून आपण जिला ओळखतो, त्या एका नावाखाली दोन जाती आहेत. उलट, हरभऱ्यावरची घाटेअळी आणि कपाशीवरची हिरवी बोंडअळी ही दोन नावं, पण जात एकच! तिला अमेरिकन म्हणतात खरं, पण ती मूळची अमेरिकेतली नव्हे.

प्रत्येकीची राहणीही निराळी. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही खाते. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. लहानपणीच ती बोंडात शिरते; मग बाहेरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. हंगाम सरला की ती सरकीत, वाळक्या बोंडात निजून राहते.

२००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. हिरव्या आणि ठिपक्यांच्या अळीला आळा बसला. आपण म्हटलं, बोंडअळी गेली. पण फरदड ठेवण्याची सवय गेली नव्हती. वर्षभर कपाशीच खाणारी गुलाबी अळी त्या विषाला सरावली. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिनं हातातोंडाशी आलेलं पीक नेलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शत्रू न ओळखता शस्त्र चालवण्याची किंमत मोठी असते.

म्हणून उपाय ओळखीतूनच निघतो. फरदड नको, पऱ्हाट्या वेळेवर उपटून त्यांची विल्हेवाट लावावी, म्हणजे गुलाबी अळीचा आसराच तुटतो. कामगंध सापळ्यातही ज्या जातीची गोळी, त्याच जातीचे नर येतात. पतंग आपली जात चुकत नाही; चुकतो तो माणूस.

गुरुजनांना एक विनंती. कपाशी फुलावर आली की मुलांना शेतात न्या. मिटून राहिलेली डोमकळी दाखवा, चार हिरवी बोंडं फोडून आत कोण बसलंय ते पाहू द्या. भडोचला सुरू झालेला तो इतिहास मुलांच्या हातावर येईल, आणि घरी जाऊन ती वडिलांना नेमकं नाव सांगतील.