इतिहासाची दिशा : कालचक्र आणि सेवाग्राम

इतिहास पुढे जातो, खाली उतरतो की चक्राकार फिरतो, याविषयी तत्त्वचिंतकांत एकमत नाही. हेगेलला जगाचा इतिहास हा स्वातंत्र्याच्या जाणिवेचा विकास वाटला. मार्क्सने त्याची गती उत्पादनपद्धती आणि वर्गसंघर्ष यांत शोधली. दोघांचाही इतिहास चढता आहे. जैन कालगणनेनुसार मात्र सध्या अवसर्पिणीचा पाचवा, २१,००० वर्षांचा दुःषमा आरा चालू आहे. ‘पंचमकाळच हा, असे व्हायचेच’ हे आपल्या घरांतील उद्गार त्यातूनच आलेले. आळसालाही ते सोयीचे पडतात.

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगावी आले. बुलढाण्याच्या शेगावशी नामसाम्य असल्याने टपालाचा घोळ होई. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, फ्रान्सच्या पाडावाला दोन महिनेही झाले नसताना, मानवजात सातत्याने अहिंसेकडेच चालत आली आहे, असे त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिले. नरमांसभक्षण सोडून मनुष्य शिकारीकडे वळला, शिकार सोडून शेतीकडे, असा त्यांचा पुरावा होता.

जैन पुराणांतही शेतीपाशीच युग पालटते, पण उलट दिशेने. कल्पवृक्ष क्षीण झाले, तेव्हा भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी आदी षट्कर्मे शिकविली. गांधीजींना जी चढणीची पायरी, तीच पुराणकारांना उतरणीची खूण! मात्र काळ उतरता आहे म्हणून ऋषभदेव स्वस्थ बसले नाहीत, हे विसरता येत नाही.

गांधीजींचा पुरावा तसा दुबळाच. शेतीबरोबर धान्याचे साठे आले आणि साठ्यांपाठोपाठ सैन्येही. त्यांचा अधिक बळकट युक्तिवाद १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये आहे. दोन भाऊ भांडून पुन्हा एक झाले तर त्याची नोंद कोणी घेत नाही. ते कोर्टात गेले तर बातमी होते. इतिहास लिहितो ती प्रेमाच्या प्रवाहातील खंडांची नोंद, प्रवाहाची नव्हे.

जुलै १९४२ मध्ये वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने केलेला ठराव ‘छोडो भारत’च्या प्रकरणात आवर्जून येतो. सेवाग्रामात कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांच्या अंगाला गांधीजी स्वतः मालिश करीत, ते त्या प्रकरणात येत नाही. शास्त्रीबुवांची कुटी आश्रमात आजही आहे.