मतभेद मिटवण्याची संघाची रीत

जयंतीच्या वर्गणीचा हिशोब, मिरवणुकीचा मार्ग, विहाराच्या बांधकामाचा ठराव... एकत्र काम करायचे म्हटले की मतभेद होणारच. एकाच वस्तीत दोन मंडळे आणि दोन जयंत्या, हे चित्रही आपल्याला नवे नाही. मतभेदाचे रूपांतर फुटीत होऊ नये म्हणून भिक्खू संघाने काय केले, ते आपण पाहू.

कोसंबीचा धडा

विनयपिटकाच्या महावग्गात कोसंबीच्या भिक्खूंचे भांडण नोंदवले आहे. अट्ठकथेनुसार कारण क्षुल्लक होते: शौचालयातील भांड्यात उरलेले पाणी तसेच राहिले. तो दोष की नाही, यावरून दोन तट पडले. भगवान बुद्धांनी समजावूनही कोणी ऐकेना, तेव्हा ते कोसंबी सोडून निघून गेले. मग उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. त्यानंतर भिक्खू श्रावस्तीला आले, संबंधित भिक्खूने दोष मान्य केला आणि संघ पुन्हा एक झाला.

वाद शमवण्याचे नियम

विनयात वाद शमवण्याचे सात मार्ग आहेत. त्यांतील तीन आपल्या रोजच्या कामाचे आहेत.

१. सम्मुखाविनय : निर्णय दोन्ही पक्षांच्या समोरच व्हावा. गैरहजर माणसाचा निवाडा करू नये.

२. येभुय्यसिका : एकमत होत नसेल तर शलाका घेऊन बहुमत पाहावे. शलाका गोळा करणारा पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असावा.

३. तिणवत्थारक : म्हणजे गवताने झाकणे. दोन्हीकडून चुका झाल्या असतील आणि एकेक उकरल्याने भांडण वाढणार असेल, तर दोन्ही गटांनी एकत्रित कबुली देऊन विषय संपवावा. गंभीर दोष मात्र असे झाकता येत नाहीत. म्हणून पैशाच्या अफरातफरीवर किंवा महिला कार्यकर्तीच्या तक्रारीवर ‘जाऊ द्या’ म्हणून पांघरूण घालू नये, असे आम्हाला वाटते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या या कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. ठराव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम संघाला माहीत होते, हे त्यांनी तिथे मांडले.

चूक दाखवताना

सहकाऱ्याची चूक दाखवण्यापूर्वी पाच गोष्टी तपासाव्यात, असे चुल्लवग्गात सांगितले आहे: वेळ योग्य आहे का, बोलणे खरे आहे का, शब्द सौम्य आहेत का, त्यातून हित होणार आहे का, मनात मैत्री आहे का.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री बारा वाजता टाकलेला आरोप यांतल्या पहिल्याच कसोटीवर अडतो. तो मेसेज थांबवावा, संबंधिताला फोन करावा आणि विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. बैठकीत त्याला पूर्ण बोलू द्यावे, झालेला निर्णय इतिवृत्तात लिहावा आणि विरोधात मत दिलेल्यांनाही कामाची जबाबदारी द्यावी. मतदानात हरलेला कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी सतरंज्या उचलायला आला, तर आपली रीत बरोबर आहे असे समजावे.