जेसीबी, मिनी पोकलेनच्या केबिनमध्ये एवढा आवाज का होतो? तो कमी कसा करायचा?

रस्त्याचं काम सुरू असताना शेजारून जातानाही आपण कानावर हात ठेवतो. मग त्या मशीनच्या केबिनमध्ये दिवसाचे ८-१० तास बसणाऱ्या ऑपरेटरचं काय होत असेल? मशीन जुनं असेल तर इंजिनच्या घरघरीसोबत काचांची खडखड, दाराची थडथड आणि हायड्रॉलिक पंपाची शिट्टी असा सगळा ऑर्केस्ट्रा असतो. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, केबिनला आतून फोम चिकटवतात. पैसे जातात, आवाज फारसा जात नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. आपल्याकडे बॅकहो लोडर कोणत्याही कंपनीचा असो, त्याला जेसीबी म्हणतात. छोटा एक्सकॅव्हेटर म्हणजे मिनी पोकलेन आणि स्किड स्टीअर लोडर म्हणजे बॉबकॅट. ही कंपन्यांची नावं आहेत, पण आता ती यंत्रांचीच झाली आहेत. इथेही आपण तीच वापरू.

आवाजाने नेमकं काय बिघडतं?

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्याने कानाच्या आतल्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. सुरुवातीला कमी ऐकू येतंय हेही लक्षात येत नाही. आधी जातात त्या तीव्र ध्वनिलहरी, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. बोलण्यातले स, श असे आवाज याच वरच्या पट्ट्यात येतात. त्यामुळे समोरचा 'साठ' म्हणाला की 'आठ', हे कळेनासं होतं.

भारतात कारखान्यांसाठीच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेतली नायॉश ही संस्था मात्र ८५ डेसिबलच सुरक्षित मानते. तिच्या हिशोबात दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला फक्त १ तास. हाच हिशोब उलटा वाचला तर केबिनमधला आवाज नुसता ३ डेसिबलने कमी झाला तरी सुरक्षित वेळ दुप्पट होतो. त्यामुळे केबिन कारसारखी शांत झाली नाही तरी या दुरुस्तीचा उपयोग असतो.

शिवाय मुद्दा फक्त ऑपरेटरच्या कानाचा नाही. बकेटच्या जवळ उभ्या असलेल्या हेल्परने 'थांब' म्हणून ओरडलेलं केबिनमध्ये ऐकू यायला हवं.

आवाज आत येतो कुठून?

दोन वाटांनी. एक हवेतून, म्हणजे फटी, भोकं आणि पातळ पत्र्यातून. दुसरी मशीनच्या लोखंडातून. इंजिन आणि पंपाची थरथर चेसिसमधून केबिनपर्यंत येते आणि मग केबिनचा पत्रा, काच, छत हेच स्पीकरसारखे वाजू लागतात. कोणती वाट मोठी आहे हे न बघता खर्च केला, तर तो वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

छोट्या मशीनमध्ये हे दोन्ही त्रास जास्त, कारण अंतरच नसतं. बॉबकॅटमध्ये इंजिन ऑपरेटरच्या पाठीमागेच असतं. मिनी पोकलेनमध्येही फार तर सीटच्या मागे किंवा खाली.

मग फोमने काय होतं?

चार सिलिंडरचं डिझेल इंजिन २२०० आरपीएमला चालत असेल, तर सेकंदाला साधारण ७३ स्फोट होतात. केबिनमध्ये जी जड 'घुम्म' जाणवते ती इथून येते. ७३ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेचार मीटरहून जास्त असते. एक इंचाचा फोम तिला काहीच करू शकत नाही. फोम शोषतो तो बारीक, तिखट आवाज. पंख्याची सरसर, हवेची शिट्टी वगैरे. ते कमी झालं तरी बरं वाटतं, पण घुम्म तशीच राहते.

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फोम आतला आवाज शोषतो. डांबरी डॅम्पिंग शीट पत्र्याची थरथर मारते, आणि ती पूर्ण पत्र्यावर लावायची गरज नसते, मोठ्या सपाट पत्र्याच्या मधल्या भागात लावली तरी बराच फरक पडतो. आणि बाहेरचा आवाज अडवायला लागतं वजन, उदाहरणार्थ जाड, जड रबरी मॅट. जमिनीवर अशी मॅट अंथरणं हा बहुतेक मशीनमध्ये सगळ्यात फायद्याचा खर्च आहे, कारण पंप आणि पाइप बऱ्याचदा पायाखालीच असतात.

पण त्याआधी फटी. समजा दाराभोवती सगळीकडे ५ मिलिमीटरची फट आहे आणि दाराचा परीघ ५ मीटर आहे. फटींची बेरीज केली तर अर्धा फूट बाय अर्धा फूट एवढं भोक झालं! केबिनच्या एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीचा पत्रा कितीही जाड करा, आवाज साधारण २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. म्हणून दाराचं रबर, लिव्हरचे फाटलेले बूट, पेडलची भोकं, वायरिंग आत येते ती जागा, हे सगळं आधी बघायचं.

दाराचं रबर तपासायला वर्तमानपत्राची एक पट्टी पुरते. पट्टी मध्ये धरून दार बंद करा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथे रबर दबत नाहीये. असं दाराभोवती दर वीतभर अंतरावर करून बघा. कधी कधी रबर चांगलं असतं, दारच बिजागरीत खाली आलेलं असतं. तेव्हा नवं रबर घालण्यापेक्षा बिजागरीची बुश आणि लॉकचा स्ट्रायकर बघावा. बऱ्याच मशीनमध्ये स्ट्रायकर पाना लावून आत-बाहेर सरकवता येतो.

काच खडखडते ती का?

सरकती काच ज्या चॅनेलमध्ये बसते, त्यात फेल्ट किंवा रबराचं अस्तर असतं. धूळ आणि खडी त्याला घासून टाकते. मग काच आणि चॅनेलमध्ये मिलिमीटरभर मोकळी जागा तयार होते आणि काच दोन्ही बाजूंना आपटत राहते. यात तेल सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तेलावर धूळ बसते, तिचा लेप होतो आणि अस्तर आणखी लवकर संपतं. चॅनेल स्वच्छ करून अस्तर बदलणं हाच खरा इलाज, आणि तो महागही नाही.

खडखड ठरावीक आरपीएमलाच होत असेल तर तो रेझोनन्स. प्रत्येक काचेची, पत्र्याची स्वतःची एक थरथरण्याची गती असते आणि इंजिनची गती तिच्याशी जुळली की ती जोरात वाजू लागते. हे शोधायला दोन माणसं लागतात. बकेट जमिनीवर टेकवा, पार्किंग ब्रेक लावा. एकाने सीटवर बसून आरपीएम हळूहळू वाढवायचे, दुसऱ्याने केबिनच्या आतूनच, मशीनच्या हलत्या भागांपासून लांब राहून, एकेक काच तळव्याने दाबायची. हात ठेवल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. बॉबकॅटसारख्या एकाच माणसाच्या केबिनमध्ये सीटवरच्यालाच हे करावं लागतं. काच निर्दोष निघाली तर वायपरचा हात, मागच्या काचेचे रबरी स्टॉपर, आरशाचा दांडा, टूलबॉक्सचं झाकण यांच्याकडे वळा. काचेच्या नावावर खपलेली खडखड कित्येकदा टूलबॉक्समधल्या पान्यांची असते.

केबिनखालचे माउंट

केबिन चेसिसवर थेट बसत नाही, सहसा चार रबरी माउंटवर बसते. उन्हाने, डिझेलने, वयाने हे रबर कडक होतं किंवा चिरडतं. मऊ रबरावर केबिनची स्वतःची गती ८ हर्ट्झच्या आसपास असेल, तर आयडलला ८०० आरपीएमवर येणारी २७ हर्ट्झची थरथर बरीचशी तिथेच अडते. रबर कडक झालं की ही गती वर सरकते आणि इंजिनच्या गतीच्या जवळ येते. मग माउंट थरथर अडवत नाही, उलट वाढवतो. म्हणूनच माउंटच्या जागी जुन्या टायरचा तुकडा घालण्याचा जुगाड महागात पडतो. माउंट चारही एकदम बदलावेत. आणि बदलताना हायड्रॉलिकचा एखादा पाइप केबिनच्या फ्रेमला टेकलाय का तेही बघावं. एका टेकलेल्या पाइपमुळेही पंपाची शिट्टी थेट केबिनमध्ये शिरते.

काय करू नये?

रॉप्सची केबिन, म्हणजे मशीन उलटलं तर ऑपरेटरला वाचवणारी फ्रेम, तिला भोकं पाडू नयेत, वेल्डिंग करू नये. गादीचा साधा फोम वापरू नये, तो चटकन पेट घेतो. आणि खडखडणारी काच सिलिकॉनने कायमची चिकटवण्याआधी मॅन्युअल बघा. अनेक मशीनमध्ये मागची किंवा बाजूची काच हाच आपत्कालीन बाहेर पडायचा मार्ग असतो.

एसीचा काय संबंध?

खूप मोठा. एसी नसलेल्या केबिनमध्ये मे महिन्यात कोणताही ऑपरेटर दार बंद ठेवणार नाही, आणि दार उघडं असेल तर वरचं सगळं शून्य. मालकांना एसी हा चैनीचा खर्च वाटतो, पण खरं तर दार बंद राहण्याची तीच एक अट आहे. केबिनमधल्या गाण्यांचंही तसंच. घरघर जितकी जास्त, तितका स्पीकरचा आवाज वर, आणि कानावर दोन्हींचा मारा.

नवं मशीन घेणाऱ्यांसाठी एक माहिती. केंद्र सरकारने एआयएस-१६० हे सुरक्षा मानक एप्रिल २०२१ आणि एप्रिल २०२४ अशा दोन टप्प्यांत आणलं आहे. मशीन उभं असताना ऑपरेटरच्या जागी आवाज कसा मोजायचा, हे आयएसओ ६३९४ मध्ये ठरलेलं आहे. तो आकडा डीलरकडे मागता येतो.

जुन्या मशीनसाठी मोबाइलमधलं डेसिबल ॲप चालतं. त्याचा आकडा खरा मानू नका, फरक मात्र माना. तोच फोन, ऑपरेटरच्या कानाच्या उंचीवर, दार बंद, रेडिओ बंद, एकदा आयडलला आणि एकदा कामाच्या आरपीएमला. दुरुस्तीच्या आधी लिहून ठेवा, प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर कुठल्या रबराने किती फरक पडला तेही कळतं.