शिकारीचे चित्र आणि चित्राबाहेरची माणसे

कोकणातल्या माणसाला पडाव म्हटले की होडी आठवते. आम्हां ग्वाल्हेरकरांना आठवते ती स्टेशनालगतची वस्ती. हिंदीत पडाव म्हणजे मुक्काम. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचेच लष्कर शहर झाले. तेव्हा मुक्कामाचे घर होणे आपल्या घराण्यांना नवे नाही. येथे आम्ही विचार करणार आहोत तो शिकारीच्या मुक्कामाचा.

कॅनडातील हडसन उपसागराकाठी चर्चिल नावाचे गाव आहे. समुद्र गोठण्याची वाट पाहत ध्रुवीय अस्वले तेथील किनाऱ्यावर थांबतात आणि जगभरचे हौशी लोक आडरानातील निवासांत राहून त्यांची छायाचित्रे टिपतात. रानातला निवारा, पाहुणा, जनावर आणि कॅमेरा ही मांडणी आपल्या संस्थानाने शतकापूर्वीच पाहिली होती. मात्र त्या काळी कॅमेरा पुढे येई तो जनावर मेल्यावर.

1901 सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात लॉर्ड कर्झन आणि माधवराव शिंदे मारलेल्या वाघांसह दिसतात. 1911 साली पंचम जॉर्ज यांच्या मुक्कामासाठी शिवपुरीच्या जंगलात जॉर्ज कॅसल उभे राहिले. बादशहांना वाघ वाटेतच मिळाला आणि ते तेथे राहिलेच नाहीत, असे सांगतात. माधवरावांनी आफ्रिकेतून सिंहही आणवले. रानात सोडल्यावर त्यांनी गुरे मारली, माणसेही मारली. अखेर तो प्रयोग फसला.

शिकारीच्या अशा चित्रांत यजमान दिसतो, पाहुणा दिसतो, वाघ दिसतो. जिवावर उदार होऊन वाघ उठवणारे हाकारे आणि ज्याची गाय गेली तो गुराखी यांची नावे चित्राखाली सहसा सापडत नाहीत.

पुढे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाघाच्या वाटेवर तार ताणून जिवंत वाघाची रात्रीची छायाचित्रे मिळवली. त्याचे पुस्तक 1927 मध्ये निघाले. बंदुकीवाचूनही वाघ घरी नेता येतो, हे त्याने दाखवले. तरीही चित्राबाहेरची माणसे बाहेरच राहिली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून गीरच्या सिंहांसाठी आपल्या शेजारच्या कुनोतून 24 गावे उठवली गेली. त्यांत सहरिया आदिवासींची संख्या मोठी होती. सिंह आले नाहीत. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाहून 8 चित्ते आले आणि त्यांची छायाचित्रे देशभर झळकली. उठलेल्या गावांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

बंदूक गेली, हे उत्तमच झाले. परंतु रानाचे मोल कोणी चुकवले, हे इतिहासाने विसरू नये. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज संस्थानच्या चाकरीत होते. काही घरांत त्या काळचे अल्बम अजून असतील. कडेला उभ्या असलेल्या एखाद्या हाकाऱ्याचे किंवा गावाचे नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, तर ते आजच चित्रामागे लिहून ठेवावे, एवढीच आमची वाचकांस विनंती.