सोनीपतला न सुटलेले डास

1975 च्या सुरुवातीला हरियाणातल्या सोनीपत शहरात एडिस जातीचे नर डास सोडण्याची जय्यत तयारी झाली होती. डास कुठे वाढतात, किती वाढतात याची पाहणी आधीच उरकली होती. ऐनवेळी सरकारने प्रयोग थांबवला आणि डास पिंजऱ्यातच राहिले.

डास कमी करायला डासच सोडायचे, ही कल्पना ऐकायला उफराटी वाटते. पण तिचा जन्म गोठ्यात झाला. अमेरिकेच्या दक्षिण भागात स्क्रूवर्म नावाची माशी जनावरांच्या जखमेत अंडी घालायची आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खात आत शिरायच्या. ही मादी आयुष्यात सहसा एकदाच संग करते, हे एडवर्ड निपलिंग यांनी हेरलं. तो एकमेव नर निर्बीज निघाला तर? निपलिंग आणि रेमंड बुशलँड यांनी किरणोत्साराचा मारा करून नर निर्बीज केले. 1954 मध्ये ते कॅरिबियनमधल्या क्युरासाव बेटावर विमानातून सोडले गेले आणि काही महिन्यांत बेटावरून ती माशी नाहीशी झाली.

डासांवर हाच डाव टाकायला वेळ लागला नाही. 1967 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हानेस लावेन यांनी ब्रह्मदेशात, रंगूनजवळच्या ओक्पो गावात, हत्तीरोग पसरवणाऱ्या क्यूलेक्स डासांचे परक्या वाणाचे नर सोडले. स्थानिक माद्यांशी त्यांचा संग व्हायचा, पण अंडी फुटायची नाहीत. काही आठवड्यांत गावातली जवळजवळ सगळी अंडी फुकट जाऊ लागली.

या यशाच्या जोरावर जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं संयुक्त केंद्र उभारलं. पैसा अमेरिकेचा होता. पीएल-480 या अमेरिकी धान्यमदतीच्या कायद्याखाली आपण घेतलेल्या धान्याचे जे रुपये अमेरिकेच्या खात्यावर साचले होते, त्यातून तो आला. ब्रिटनचे ख्रिस्तोफर कर्टिस आणि भारताचे विनोद प्रकाश शर्मा यांच्यासारखे जाणकार तिथे कामाला होते.

काम मोठं निगुतीचं. डासाची अळी कोषात गेली की नराचा कोष मादीच्या कोषापेक्षा लहान असतो. या फरकावर कोष वेगळे काढायचे, कारण मादी चावते, नर चावत नाही. मग नरांचे कोष थायोटेपा या रसायनाच्या द्रावणात बुडवायचे, की त्यातून निर्बीज नर बाहेर पडतात. असे नर दिल्लीलगतच्या खेड्यांत सोडले गेले. पण आधीच फळलेल्या माद्या शेजारच्या शिवारातून उडत येत आणि मेहनतीवर पाणी फिरवत.

1974 मध्ये पीटीआय वृत्तसंस्थेच्या या केंद्राविषयीच्या बातमीने खळबळ उडवली. केंद्र सोनीपतला जो सोडणार होतं, तो एडिस डास डेंगीबरोबरच पीतज्वराचाही वाहक. भारतात पीतज्वर कधीच नव्हता, मग त्याच्या वाहकाचा इतका अभ्यास अमेरिकी पैशातून कशासाठी? जैविक युद्धाची तर तयारी नाही ना? थायोटेपा हे कर्करोगावरचं औषध स्वतःही कर्करोगाला कारण ठरू शकतं. त्याचा अंश खेड्यातल्या पाण्यात जातो का, हाही प्रश्न आला. जागतिक आरोग्य संघटनेने सगळे आरोप फेटाळले. तरी प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपुढे गेलं. परदेशी सहकार्याच्या संशोधनाची झाडाझडती घेणाऱ्या या समितीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा स्थलांतरित पक्ष्यांचा प्रकल्पही तपासला. देशात हिवताप पुन्हा उसळत असताना केंद्राचा मुख्य भर क्यूलेक्स आणि एडिसवर का, हा सवाल तर बिनतोडच होता. 1976 मध्ये हिवतापाच्या रुग्णांची नोंद 64 लाखांच्या वर गेली.

त्याआधीच, 1975 मध्ये, केंद्राला टाळं लागलं होतं. जैविक युद्धाचा पुरावा कोणी दिला नाही. पण लोकांना आणि संसदेला आधी विश्वासात न घेतल्याची किंमत प्रयोगाने मोजली. शर्मा पुढे हिवताप संशोधन केंद्राचे संस्थापक झाले आणि गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या गावांत डबकी बुजवणं, पाण्यात गप्पी मासे सोडणं अशा साध्या उपायांकडे वळले.

खरा जनुकबदल नंतर आला. एडिसमध्ये परकं जनुक रुजवणं 1998 मध्ये साधलं. भारतीय शहरांत हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस स्टीफेन्सीमध्ये 2000 साली. ब्रिटनच्या ऑक्सिटेक कंपनीने असा एडिस घडवला, की टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिळालं तरच त्याची पिल्लं जगावीत. प्रयोगशाळेत ते पाण्यात घालतात. बाहेर ते नसल्याने बहुतेक पिल्लं अळी किंवा कोष असतानाच मरतात. सोबत एक खूणही पेरलेली असते. विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली अळी लाल चमकते, म्हणजे ती कोणाची, ते कळतं. 2010 मध्ये ग्रँड केमन बेटावर असे सुमारे 33 लाख नर सोडले आणि तिथले डास साधारण 80 टक्क्यांनी घटले. हेच डास सोडलेल्या ब्राझीलच्या जाकोबिना शहरावरून मात्र 2019 मध्ये वेगळाच वाद पेटला. प्रयोगशाळेतल्या वाणाचे अंश स्थानिक डासांत उतरल्याचा शोधनिबंध आला. कंपनीने हरकत घेतली आणि निबंध छापणाऱ्या नियतकालिकानेही पुढे त्यावर शंकेची टीप जोडली.

आपल्याकडे हे डास पोचले ते जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत. बद्रीनारायण बारवाले यांच्या महिको समूहातल्या जीबीआयटी कंपनीने ऑक्सिटेकबरोबर जानेवारी 2017 मध्ये तिथे बाहेरच्या हवेत, पण जाळीच्या पिंजऱ्यांत चाचण्या सुरू केल्या. निपलिंग आणि बुशलँड यांना 1992 मध्ये मिळालेला वर्ल्ड फूड प्राइझ 1998 मध्ये बारवाले यांनाही मिळाला होता, हा एक योगायोग. पिंजऱ्याबाहेर डास सोडण्याचा टप्पा मात्र आला नाही.

तसा प्रस्ताव उद्या महाराष्ट्रातल्या एखाद्या गावापुढे आलाच, तर ग्रामसभेने निव्वळ भीतीने हाकलू नये आणि निव्वळ कौतुकाने मान डोलावू नये. पैसा कोणाचा? सोडलेल्यांत माद्या किती? पिल्लं किती जगतात? आणि आजवरच्या बहुतेक चाचण्यांनी डास मोजले. डेंगीचे रुग्ण घटले की नाही, हे कोण मोजणार? याची उत्तरं मराठीत, लेखी आणि डास सुटण्याआधी मागावीत.